गाळ्यावर आजोबा, टेम्पोवर नातू

दुपारी तीनच्या सुमाराला तुर्भ्याचा बाजार अंग टाकतो. पहाटेची आवक उतरलेली असते, सौदे आटोपलेले असतात, आणि कांदा-बटाटा बाजाराबाहेर ट्रक-टेम्पो एकाला एक लागून उभे असतात. ड्रायव्हर केबिनच्या खिडकीतून पाय बाहेर काढून झोपलेले. अशा वेळी तिथून चालत जाताना माझं लक्ष गाड्यांच्या कपाळांवर असतं. काचेच्या वर, केबिनच्या माथ्यावर, मागच्या फाळक्यावर पोरांची नावं लिहिलेली असतात. शिवांश. आरोही. विहान. 'स्वरा-शौर्य', मध्ये बदाम. गाडी जुन्नरकडची असो, तासगावची असो की लासलगावची, नावं तीच. गाडी कुणाच्या मालकीची हे आरसी बुकात शोधावं लागेल. कुणासाठी धावते ते मात्र रस्त्याच्या पलीकडून वाचता येतं.

मान जरा वळवली की गाळ्यांच्या पाट्या. तिथे निराळीच वस्ती. गेनू, बाबूराव, कोंडिबा, तुकाराम, सखाराम असे कुणाकुणाचे आजे-पणजे 'आणि मंडळी', 'आणि कंपनी' होऊन बसले आहेत. हे सगळे मुंबईहून आलेले. मशीद बंदरचा कांदा-बटाटा बाजार ऐंशीच्या दशकात खाडी ओलांडून इकडे आला, फळं आणि भाजी १९९६ मध्ये आली. म्हणताना सगळे वाशी मार्केट म्हणतात, पण ते उभं आहे तुर्भ्याच्या जमिनीवर. बाजार हलला तेव्हा माणसांच्या मागोमाग पाट्याही हलल्या. रंग उडाला की पाटी नवी करतात, नाव बदलत नाहीत, कारण पत त्या नावाची असते. गावाकडचा शेतकरी माल पाठवतो तो गेनूशेठच्या गाळ्यावर. गेनूशेठ कधीच वारले हे त्याला ठाऊक असलं तरी.

गंमत वाटते ती मधल्या माणसाची. आजोबांच्या पाटीखाली बसतो, मुलाच्या नावाची गाडी दारात लावतो, आणि त्याचं स्वतःचं नाव कुठेच नसतं. ते बहुधा संतोष असतं, किंवा संदीप, किंवा सचिन. आणि ते लिहिलेलं असतं दुसऱ्यांच्या फोनमध्ये, पुढे मालाचं नाव जोडून: 'संतोष बटाटा'.

ट्रक टर्मिनलच्या अंगाला एक रेडियमवाला आहे. पत्र्याची टपरी, कटिंगचं मशीन, रंगीत गुंडाळ्या. नावांच्या बाबतीत त्याच्याइतका जाणकार मला दुसरा भेटलेला नाही. बालवाडीच्या बाईंना मुलाचं नाव तीन वर्षांनी कळतं. याला बारशाच्या दुसऱ्या दिवशी. "ताई, आधी 'आई'वर भागायचं," तो म्हणाला. "नाहीतर 'साईराम'. आता 'रुद्रांश' द्या म्हणतात. जोडाक्षर आलं, खाली उकार आला, वर अनुस्वार आला. पहिल्या पावसात तो अनुस्वार गळतो, मग 'रुद्राश' झालं म्हणून भांडायला येतात." भाव अक्षरावर ठरतो आणि जोडाक्षराची तो दोन अक्षरं धरतो. मी विचारलं, दगडू किंवा केरबा असं काही कधी कापलंयस का? तो हसला. "'दगडूशेठ' कापतो की. गणपतीच्या फोटोखाली."

पुण्याच्या त्या गणपतीपुढे हात जोडताना आपण एका हलवायाचं नाव घेतो, आणि ते नाव दगडू असतं, हे कुणाच्या मनातही येत नाही. तेच नाव 'टाइमपास' सिनेमातल्या पोराला दिलं की थिएटर हसतं. नावाचं हसू कधी सुरू झालं असेल? ज्यांनी ती नावं ठेवली ते तर हसत नव्हते.

बाजारात गोण्या वाहणारे माथाडी बहुतेक साताऱ्याकडचे, पाटण-जावळीचे, नाहीतर जुन्नर-आंबेगावचे. १९६९ चा माथाडी कायदा झाला तो पाटण तालुक्यातूनच आलेल्या अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून. त्याआधी हमालाला नाव लागत नसे, 'ए' पुरे व्हायचं. कायद्यानंतर मंडळाच्या दप्तरी नोंद झाली आणि ज्याला गावातही कुणी पुऱ्या नावाने हाक मारली नव्हती त्याचं नाव, बापाचं नाव, आडनाव असं सगळं पगाराच्या कागदावर आलं. निवृत्त झालेली ती पिढी आता कोपरखैरण्याच्या, घणसोलीच्या बागांमध्ये संध्याकाळी बाकांवर बसते. कान देऊन ऐकलं तर दगडू, धोंडीराम, केरू, भिकू, नथू अशा हाका ऐकू येतात. काही वर्षांनी त्या ऐकू येणार नाहीत, कारण त्या नावांचं एकही मूल मागच्या बाजूच्या घसरगुंडीवर नाही.

यातलं एकही नाव लाडाने ठेवलेलं नव्हतं. आधीची लेकरं पाळण्यातच गेली की घराला वाटे, आपल्या दाराला कुणाची तरी नजर लागली आहे. मग पुढचं मूल जन्मलं की ते कुणाला नको असलेलं आहे असं दाखवायचं. हा धोंडा आहे. हा केर आहे. हा भीक मागून आणलेला आहे. मुलाचं नाक टोचून त्यात नथ घालायची, म्हणजे बघणाऱ्याला मुलगी वाटावी, आणि तो झाला नथू. काही घरांत मूल शेजारणीच्या ओटीत टाकून सूपभर कोंड्याच्या बदल्यात परत विकत घेत, तो कोंडिबा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या देशात जन्मलेल्या पाच मुलांतलं साधारण एक वर्षाच्या आत जात असे. आज महाराष्ट्रात हजारातली वीसही जात नाहीत. लसी आल्या, दवाखाने आले, आणि धोंडूचं काम संपलं. आपण म्हणतो जुनी नावं मागे पडली, गावंढळ वाटू लागली. ते खरं असेलच, पण त्याआधी त्यांची गरज गेली.

महर्षी कर्व्यांचं नाव धोंडो. १८५८ साली जन्मले, १९६२ साली गेले. शंभरी पार करून वर चार वर्षं. नाव ठेवणाऱ्याच्या मनात तोच हेतू असेल तर तो इतका पुरा झालेला क्वचितच दिसेल. या धोंडोंच्या मुलांची नावं रघुनाथ, शंकर, दिनकर, भास्कर. दिनकरांची बायको इरावती; ती जन्मली ब्रह्मदेशात आणि तिथल्या नदीचं नाव घेऊन पुण्याला आली. त्यांची मुलं आनंद, जाई आणि गौरी. धोंडो, दिनकर, जाई. तीन पिढ्यांत एका घराने दगडापासून फुलापर्यंतचा रस्ता कापला, तोही १९४० च्या दशकापर्यंत. बाकीच्या महाराष्ट्राला तिथे पोहोचायला आणखी तीस-चाळीस वर्षं लागली.

मुलाला वाईट नाव ठेवायचं ते त्याने राहावं म्हणून. मुलीला ठेवायचं ते तिच्यामागून दुसरी येऊ नये म्हणून. साताऱ्याकडच्या घरांत तिसरी-चौथी मुलगी झाली की तिचं नाव नकुसा किंवा नकुशी. हे नाव शाळेच्या पटावर जायचं, रेशनकार्डावर जायचं, लग्नपत्रिकेत छापलं जायचं. २०११ च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींचं सरकारी समारंभात नव्याने नामकरण झालं. काहींनी आपलं नाव स्वतः निवडलं. माणसाने स्वतःच्या बारशाला हजर राहून स्वतःचं नाव सांगावं, असा प्रसंग फारच थोड्यांच्या वाट्याला येतो. त्यांतल्या काही जणी आता स्वतः आया झाल्या असतील, आणि त्यांच्या लेकींची नावं कुठल्यातरी टेम्पोच्या काचेवर असतील. त्या समारंभापर्यंत न पोहोचलेल्या मोठ्या वयाच्या नकुसाबाई मात्र इकडेही भेटतात. नाव विचारलं की न अडखळता सांगतात. अडखळतो ऐकणारा.

तुर्भे गाव मूळचं आगरी-कोळ्यांचं. सिडको आली, १९७० नंतर जमिनी गेल्या, भातशेती आणि मिठागरं गेली. गावठाणात अजून एकेका आडनावाची इतकी घरं आहेत की नुसत्या आडनावाने कुणाचं दार सापडत नाही. जुन्या पिढीतली काळू, पदू, हिरा, जोमा, चांगू ही नावं म्हणजे तोंडात पटकन मावणारी, होडीवरून किनाऱ्याला ओरडून सांगता येतील अशी. आता ती पोरांना नाहीत, इमारतींना आहेत. नव्या पनवेलला चांगू काना ठाकूर महाविद्यालय आहे. मुलं त्याला सीकेटी म्हणतात आणि चांगू आणि काना ही दोन माणसं होती हे विसरून लेक्चरला जातात. दि. बा. पाटलांचंही तसंच. नवी मुंबईच्या विमानतळाला त्यांचं नाव द्यावं म्हणून २०२१ च्या जूनमध्ये हजारो माणसं रस्त्यावर उतरली, २०२२ मध्ये विधिमंडळाने तसा ठराव केला. त्या घोषणांमध्ये, फ्लेक्सांवर, सगळीकडे 'दि. बा.'. दिनकर बाळू. ज्या माणसाला घरच्यांनी बाळू म्हटलं त्याचं आद्याक्षर लेकाच्या नावात राहिलं आणि आंदोलनाच्या झेंड्यावर चढलं. आद्याक्षरं ही मराठी माणसाची जुनी सोय आहे. पु. ल., ग. दि. मा., व. पु. नाव जुनं झालं की दोन टिंबांत मिटून टाकायचं.

नाव न घेण्याची रीतही आमची जुनीच. थोरल्या नातवाला आजोबांचं नाव द्यायचं, हे ठरलेलं. पण सुनेने सासऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, हेही ठरलेलं. मग आईने पोटच्या पोराला हाक कशी मारायची? "कृष्णाजी, मेल्या, कुठे उलथलास" असं अंगणात ओरडावं तर सासरे ओसरीवर बसलेले. तेव्हा पाळण्यात कृष्णाजी आणि एरवी बाळ, नाना, अण्णा, बापू, भाऊ. मराठी घरं या अण्णा-बापूंनी भरलेली असतात त्यामागे निम्मी तरी ही अडचण असावी असं मला वाटतं. टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव. टिकली ती घरातली हाक, आणि 'बाळ' हे नाव सरकारी खटल्यांच्या कागदांवर गेलं.

नवऱ्याच्या नावाचं तर विचारूच नका. ते वर्षातून दोनदा, उखाण्यात बांधून, चार बायकांनी दार अडवल्यावर घ्यायचं. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक आजी राहतात. पाटणकडच्या. नवरा बाजारात माथाडी होता, त्याचं नाव खंडू. म्हणजे आजींना खंडू म्हणता येत नसे, आणि त्यामुळे खंडोबाही म्हणता येत नसे, आणि घराण्याचा देव नेमका तोच. पालीच्या जत्रेला दर पौषात जायचं आणि देवाचं नाव घ्यायचं नाही. "मग काय म्हणायचा?" मी विचारलं. "पालीचा द्येव म्हनायचं. न्हाईतर येळकोट करायचा. त्यात मल्हार हाय, त्यो मोकळा व्हता."

लग्नात बायकोचं नाव बदलायची पद्धत मला याहून जास्त खुपते. एकोणिसाव्या शतकातल्या दोन मोठ्या बायका, आनंदीबाई जोशी आणि रमाबाई रानडे, माहेरी दोघीही यमुना होत्या. एकीची आनंदी झाली, दुसरीची रमा, आणि दोन्ही यमुना ताटातल्या तांदळाखाली गेल्या. कर्व्यांच्या घरात आलेली गोदू पण आनंदीच झाली. आता नवी मुंबईच्या हॉलांत तांदळाचं ताट येतं, अंगठी येते, फोटोग्राफर जवळ येतो, आणि नवरी तिचंच नाव त्यात गिरवते. आधार, पॅन, पासपोर्ट, बँक सगळीकडे धावाधाव कोण करणार? समाजसुधारकांना जे शंभर वर्षांत जमलं नाही ते केवायसीने केलं. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर बाळाच्या नावापाठोपाठ आईचं नाव लिहायचं, मग बापाचं. यमुनेला उशीर झाला, पण तिची जागा आता दुसरी आहे.

रेल्वेच्या पलीकडे, तुर्भे स्टोअरकडे गेलं की नावांचा रंग पालटतो. सम्यक, तथागत, प्रज्ञा, संघमित्रा, सिद्धार्थ. त्यांच्या आजोबांच्या आजोबांची नावंही धोंड्या, कचऱ्या असत, पण तो 'या' त्यांच्या आईने लाडाने लावलेला नसे, गावाने लावलेला असे. चांगलं नाव ठेवलं तर वाड्यावरून विचारणा व्हायची. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जी धम्मदीक्षा झाली त्यानंतर घरोघर राहुल, गौतम, मिलिंद, आनंद, सुजाता, यशोधरा जन्मले. मिलिंद हा मूळ ग्रीक राजा मिनँडर; नागसेन भिक्खूला प्रश्न विचारत बसला आणि दोन हजारांहून जास्त वर्षांनी तुर्भ्याच्या चाळीत हजेरीला उभा राहिला. इतर घरांत नावं बदलली ती हवा बदलली म्हणून. इथे ती ठरवून, विचार करून बदलली गेली, आणि अजूनही मुलाचं नाव सांगताना बापाचा आवाज जरा वेगळा लागतो.

माझ्या पिढीची नावं हवेवरची. शाळेत सुनीता, संगीता, अनिता, वैशाली इतक्या की बाई आडनावाने हाक मारायच्या. मुलांच्या बाजूला संजय, राजेश, सुनील. कुणावरून ठेवलं विचारलं तर घरच्यांनाही सांगता येत नसे. काही नावांचा माग मात्र लागतो. १९७६ साली सुनील गावसकरांनी मुलाचं नाव रोहन जयविश्व ठेवलं. त्यातला जय म्हणजे जयसिंहा, विश्व म्हणजे गुंडाप्पा विश्वनाथ, आणि रोहन म्हणजे गयानाचे रोहन कन्हाय. ऊसमळ्यांत राबायला जहाजाने नेलेल्या माणसांच्या वंशात कन्हाय जन्मले. ते नाव वेस्ट इंडिजकडून धावा काढून समुद्र ओलांडून दादरला आलं आणि मराठी झालं. रमेश तेंडुलकर कवी माणूस. त्यांनी धाकट्याचं नाव सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवलं. पुढच्या बापांनी ते त्या धाकट्यावरून ठेवलं. गाण्यातून क्रिकेटमध्ये जाताना नावाचा सूर गेला, पण माणसं वाढली. संतोषच्या शेजारच्या गाळ्यात हमखास एक सचिन असतो.

आणि नाव कितीही नागर ठेवा, गाव ते आपल्या जिभेवर घासून घेतं. 'सैराट'मधल्या दोघांची खरी नावं अर्चना आणि प्रशांत, अगदी गुळगुळीत. आर्ची आणि परश्या झाल्यावर त्यांना धूळ लागली आणि ती जिवंत झाली. आताच्या नावांचं काय होणार याची मला फार काळजी होती. आरव या नावाला कुठे पकडायचं? ती काळजी माझ्या खिडकीखालच्या पोरांनी मिटवली. "आरव्या, बॉल टाक." विहानचा विहान्या झालेला आहे, रेयांशला नुसतं रे म्हणतात.

नव्या नावांना नाकं मुरडणं सोपं आहे आणि माझ्या वयाची माणसं ते आवडीने करतात. मीही करते. इंग्रजीत दोन ए लावले की हजेरीत पहिला नंबर, त्यामुळे वर्गाच्या सुरुवातीला सगळे आरव, आराध्या, आर्या दाटीवाटीने बसतात. अर्थ विचारला की आईबाप फोनमध्ये बघून सांगतात की विष्णूचं नाव आहे. विष्णूला हजार नावं असल्याने यात सहसा कुणी खोटं पडत नाही. न्यू जर्सीत गेलेल्यांचं आणखी निराळं. त्यांना दोन्हीकडे चालणारी हवीत, म्हणून नील, माया, ईशा. पण जरा खरवडलं की या नव्या नावांखाली ओळखीचं काही लागतं. आजा महादेव, बाप शंकर, नातू शिवांश. आजा गणपत, बाप गणेश, नातू अथर्व. देव्हाऱ्यातला देव तोच, आत्याने पाळण्यात वाकून सांगितलेला शब्द तेवढा बदलला. मला चुटपुट लागते ती विठोबाची. पांडुरंग, नामदेव, तुकाराम, ज्ञानेश्वर ही नावं घराघरांत थांबली आणि त्यांच्या जागी नवं काही आलं नाही. फक्त मुलींची नावं ओवी असतात. ज्याच्यासाठी गायलं तो पटावरून गेला, गाणं राहिलं.

जुनी नावं परत येताहेत असं हल्ली म्हणतात. येताहेत, पण निवडून. मल्हार आला, जिजा आली, अहिल्या, रमा, मुक्ता, सई, कबीर, इरावती आले. ज्यांच्या पाठीशी घोडा, गड किंवा ग्रंथ होता त्यांना परतीचं तिकीट मिळालं. धोंडू, केरबा, ठकू, बायजा, सखू, चिंगी फलाटावरच आहेत. कोंडाजी फर्जंदाने साठ माणसांनिशी पन्हाळा घेतला, म्हणजे गडही आहे. पण नावात कोंडा आहे ना. जुनं आपल्याला हवं असतं ते दिवाणखान्यातलं, परसातलं नको. आणि हेही आहे की धोंडू ठेवणाऱ्या बापाला मूल कुणाच्या नजरेत येऊ नये असं वाटे. आताच्या बापाला धास्ती उलटी, की ते गर्दीत कुणाला दिसणारच नाही. म्हणून तर गाडीच्या कपाळावर रेडियम, रात्री उजेड पडला की चमकणारं.

तळमजल्यावरच्या आजींच्या नातवाचं नाव मल्हार. मुलगा संदीप आणि सूनबाई यांनी ते एका मोठ्या यादीतून काढलं. आजोबांचं नाव नातवाला गेलं, हे त्यांच्या ध्यानात बारशानंतर कधीतरी आलं. आजींच्या ध्यानात पाळण्याची दोरी हातात असतानाच आलं होतं. तेव्हापासून त्या बोळात उभं राहून पोटभर हाका मारतात. "मल्हाऱ्या! आरं मल्हाऱ्या, भिजतोस की!" सूनबाई आतून म्हणते, "आई, मल्हार म्हणा ना नीट." सूनबाई स्वतः नवऱ्याला संदीप म्हणते, लाइट बिल भरलंस का म्हणून विचारते, आणि आजी ते ऐकून घेतात. एवढं आयुष्य गेलं, हे आपल्याला का सुचलं नाही, असा काहीसा चेहरा करून.

मागच्या पावसाळ्यात मल्हारला बहीण झाली. बारसं झालं, जेवणावळ झाली, पण नाव ठरलं नाही. आत्याने कानात कुर्र केलं आणि ऐनवेळी सुचलेलं देवीचं नाव सांगून वेळ मारून नेली. जन्माच्या नोंदीत नावाचा रकाना मोकळा ठेवता येतो. वर्षाच्या आत भरला तर फुकट, नंतर विलंब शुल्क देऊन पंधरा वर्षांपर्यंत भरता येतो, त्यामुळे घाई नाही असं संदीपचं म्हणणं. नक्षत्राचं अक्षर आलंय, ते कुणालाच आवडलेलं नाही. मायरा आणि कियारा आजींना उच्चारता येत नाहीत. अन्वी शेजारी आहे. आत्या कोपरखैरण्याहून रोज फोनवर चार-पाच नावं पाठवते.

परवा मी खाली गेले तेव्हा सूनबाई खुशीत होती. तिला एक जुनं, दमदार, कुणाकडेच नसलेलं नाव सापडलं होतं. मल्हारला जोडीचं शोभेल असं. "म्हाळसा," ती म्हणाली. "कसं आहे, काकू?"

मी काही बोलायच्या आत आजी उठून उभ्या राहिल्या. "आगं, बायकू हाय ती त्याची! भनीचं नाव म्हाळसा ठिवून काय द्येवाला बाटवताय व्हय? आनि बानाई बी नगं सांगून ठिवते. ती बी बायकूच."

संदीप हसता हसता आत गेला. यादीतून म्हाळसा खोडलं गेलं. मांडीवरची मुलगी या सगळ्या गोंधळात आजीकडे टुकूटुकू बघत होती, कारण आजी तिला पहिल्या दिवसापासून चिंगे म्हणतात आणि तेवढ्या एकाच हाकेला ती मान वळवते. सूनबाईची सध्याची धास्ती हीच आहे, की रकाना भरेपर्यंत तेच पक्कं झालं तर काय.